बिनविरोध मंडळातली उमेदवार

मी आयुष्यात एकदाच निवडणूक लढवली. नेदरलँड्समधल्या नायमेखन शहरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची, कोविडच्या दुसऱ्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. इथं येण्याआधी सांगलीला ज्युनिअर कॉलेजात मी सहा वर्षं राज्यशास्त्र शिकवत होते. मतदारसंघ, उमेदवारी अर्ज, छाननी, माघार, सगळं फळ्यावर क्रमाने लिहून द्यायचे आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. शिकवणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आमचं मंडळ साठ-बासष्ट कुटुंबांचं. त्यातली पन्नासेक कुटुंबं चिप बनवणाऱ्या एकाच कंपनीतली, माझा नवराही तिथलाच. मंडळ स्थापन झाल्यापासून प्रत्येक अध्यक्ष त्याच कंपनीतला. आमच्या तालुक्यात एका पक्षाबद्दल म्हणायचे, दगड उभा केला तरी निवडून येईल. इथं त्या दगडाकडे कंपनीचं ओळखपत्र असावं लागे, एवढाच फरक. नाव कंपनीच्या कँटीनमध्ये जेवताना ठरायचं. मग सर्वसाधारण सभेत कोणीतरी ते सुचवायचं, कोणीतरी अनुमोदन द्यायचं आणि बटाटेवडे गार व्हायच्या आत टाळ्या. या प्रकाराला आम्ही 'बिनविरोध परंपरा' म्हणायचो आणि तिचा अभिमानही बाळगायचो. त्या टाळ्यांमध्ये दरवेळी मीही होते.

त्या हिवाळ्यात आठ वर्षं अध्यक्ष असलेले गृहस्थ नोकरी सोडून पुण्याला परत निघाले. जागा रिकामी झाली. कँटीन बंद, सगळे घरून काम करणारे. सचिवांची ईमेल आली, की अध्यक्षपदासाठी इच्छुकांनी सूचक आणि अनुमोदकाच्या नावांसह अर्ज पाठवावा. अशी ईमेल दरवेळी येते. मंडळ इथल्या कायद्याप्रमाणे नोंदवलेलं आहे आणि तशी सूचना काढावी असं घटनेत लिहिलं आहे, म्हणून ती निघते. तिला कोणी उत्तर देत नाही, देऊ नये अशीच अपेक्षा असते. मी ती तीनदा वाचली आणि खरी मानली.

खरं कारण सांगायचं तर मला फार एकटं वाटत होतं. नवरा सकाळी साडेआठला माळ्यावरच्या खोलीत जायचा आणि दार लावून घ्यायचा. साडेबाराला गळ्यात हेडफोन अडकवून खाली यायचा, जेवायचा, परत वर. मी आठवड्यातून तीन दिवस ज्या लायब्ररीत काम करायचे ती बंद होती. घरी दिवसाला एकच पाहुणा बोलवायची परवानगी होती आणि त्या एका पाहुण्यासाठीसुद्धा मला नाव सुचत नव्हतं. एके दिवशी मी हिशेब केला, की सकाळपासून आपण काय काय बोललो. 'जेवायला ये.' 'आमटी गरम करू का?' आणि सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या पडद्यामागच्या मुलीला डचमध्ये 'बिल नको.' एवढंच. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या व्हिसावर आले तेव्हासुद्धा इतकी मुकी नव्हते मी.

म्हणून अर्ज भरला. दोन मैत्रिणींनी सूचक-अनुमोदक म्हणून हसत हसत नावं दिली. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. दोन दिवसांनी सचिवांचा फोन आला. फार अदबीने त्यांनी विचारलं, की वहिनी, अर्ज चुकून तर आला नाही ना? मी म्हटलं, नाही, बरोबर आला आहे. कंपनीचा उमेदवार तोवर कुठल्याशा ऑनलाइन मीटिंगमध्ये ठरलाही होता. माझ्या नवऱ्याच्या साहेबांचे साहेब. माणूस सज्जन, गणपतीत पेटी छान वाजवायचे. त्यांच्याविरुद्ध माझ्याकडे काहीही मुद्दा नव्हता.

एक गोष्ट मला अर्ज भरल्यावर कळली, जी राज्यशास्त्राच्या माजी शिक्षिकेला आधी कळायला हवी होती. एक कुटुंब, एक मत. सभासद म्हणून नाव ज्याचं, मताची लिंक त्याला. आणि झाडून सगळ्या घरांत सभासद नवरा. म्हणजे घटनेप्रमाणे मी उभी राहू शकत होते, पण मला स्वतःला मत देता येत नव्हतं. हे मी नवऱ्याला जेवताना सांगितलं तेव्हा तो खूप हसला. मलाही हसू आलं.

मग प्रचार सुरू केला. सभासदांची यादी समोर ठेवून रोज अकरा वाजता पाच फोन. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की त्या काळात अवचित फोन आला की लोक दचकत. उचलल्या उचलल्या प्रश्न, 'सगळं ठीक ना?' मग मी घाईने सांगायचे, हो, हो, कोणाला काही झालेलं नाही, मी निवडणुकीला उभी आहे. यावर लोक इतके सुटल्यासारखे हसत, की पुढची वीस मिनिटं निवडणुकीचा विषयच निघत नसे. एकाने वडिलांचे अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले होते. ते कोणालाच नीट सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. एका बाईंनी आंबाडीचं बी कुंडीत पेरलं होतं आणि ते उगवलं याचा आनंद त्यांना कोणाजवळ तरी बोलायचाच होता. मी ऐकत बसायचे. फोन ठेवताना प्रत्येक जण म्हणायचा, आमचं मत तुम्हालाच. मतदार तोंडावर कधी नाही म्हणत नाही, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरी त्या महिन्यात मी एकूण एक शब्द खरा धरला.

यादीत शेजारच्या आर्न्हेम गावातलं एक घर होतं. तिथली मुलगी लॉकडाऊनच्या जेमतेम महिनाभर आधी लग्न होऊन आली होती. नवरा कंपनीतला. तिला इथं एकही माणूस माहीत नव्हतं. ती माझ्याशी तासभर बोलली. सायकल शिकते आहे म्हणाली, एकटीच, पार्किंगच्या जागेत, कारण शिकवणाऱ्याने कॅरिअर धरायचा तर दीड मीटर अंतर कसं पाळणार. फोन ठेवताना तिने विचारलं, 'ताई, निवडणूक झाल्यावर पण कराल ना फोन?' मी हो म्हटलं.

मतदानाच्या आधीच्या आठवड्यात नवरा अवेळी खाली आला. दुपारचे तीन वाजले होते. साहेबांच्या साहेबांनी त्याला कामाच्या कॉलनंतर थांबवून सहज विचारलं होतं, की वहिनींची काही नाराजी आहे का? बिनविरोध झालं असतं तर बरं दिसलं असतं, एवढंच. दबाव वगैरे काही नाही. हे सांगताना तो ओट्याला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. त्या वर्षी त्याच्या विभागातली काही माणसं कमी होणार अशी कुजबुज होती, ते मला माहीत होतं.

मी विचारलं, 'माघार घेऊ?'

तो म्हणाला, 'अगं, असं कुठं म्हणतोय मी? तुला हवं ते कर. बाकीच्यांचं जाऊ दे, माझं मत तुलाच आहे.'

हे मी मागितलेलं नव्हतं. त्याने आपणहून म्हटलं. त्या क्षणानंतर अध्यक्षपदाचं मला फारसं काही राहिलं नाही. साठ घरांत आपलं एक घर आपल्या बाजूचं आहे, एवढं पुरे होतं. पडले तरी चालेल, पण ते एक मत मला हवं होतं. मी माघार घेतली नाही.

सभा रविवारी दुपारी, अर्थातच ऑनलाइन. त्याचा लॅपटॉप वर जोडलेला, म्हणून तो माळ्यावर बसला. मी खाली टेबलावर टॅब्लेट उभा करून, साडी नेसून. कमरेखाली लोकरीचे मोजे होते, ते कोणाला दिसत नव्हते. दोन्ही उमेदवारांना तीन-तीन मिनिटं दिली. मी म्हटलं, मला काही मोठं करायचं नाही, दर आठवड्याला प्रत्येक घरी एक फोन जावा एवढीच योजना आहे. त्यांनी दिवाळी पहाटेचा कार्यक्रम ऑनलाइन कसा करता येईल ते स्लाइड्स दाखवून सांगितलं. मग पडद्यावर मतदानाची चौकट आली असावी. मला ती आली नाही, मी सभासद नव्हते. मी डोक्यावरच्या छताकडे बघत बसले, कारण तिथं वर तो होता.

निकाल लगेच लागला. त्यांना अठ्ठावन्न. मला एक.

टाळ्यांची चित्रं पडद्यावर सरसर वर चढत गेली. कोणीतरी माइक बंद करायला विसरलं होतं, त्याच्या घरातला कुकर शिट्ट्या देत होता. नव्या अध्यक्षांनी फार मनापासून माझे आभार मानले आणि हळदीकुंकवाची जबाबदारी माझ्याकडे यावी असं सुचवलं. मी हो म्हटलं. डिपॉझिट जप्त झालेल्या उमेदवाराने आणखी काय म्हणायचं.

तो जिन्यावरून खाली आला. मी पडलेल्या चेहऱ्याने बसले असेन असं त्याला वाटलं असणार. माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, 'बघ, एक मत तरी पक्कं होतं ना?'

मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मी उठून शिरा केला, बेदाणे जरा जास्तच घातले. मग उजेड होता तोवर आम्ही वाल नदीच्या बांधावर लांबवर चालत गेलो. त्या वर्षभरात आम्ही इतके कधी बोललो नव्हतो. तो मला चिडवत होता, मी त्याला. सगळ्या मंडळाविरुद्ध आपण दोघं, असं मी मनात म्हणत होते. त्या संध्याकाळी मी सुखी होते, हे मला नीट आठवतं.

मंगळवारी आर्न्हेमच्या मुलीचा फोन आला. आवाज दबका, पण हसू फुटत होतं. तिला मला खूश करायचं होतं. म्हणाली, 'ताई, ते एक मत माझं होतं. चौकट आली आणि तेवढ्यात दाराशी पार्सल आलं. हा खाली गेला, फोन सोफ्यावर. मी तुमच्या नावावर बोट ठेवलं आणि पाठवून दिलं. हा परत येऊन बघतो तर मत दिलेलं. त्याला वाटलं ॲपच बिघडलंय. याला सांगू नका हं.'

मी तिला शाबासकी दिली. तिचे आभार मानले. सायकल कुठवर आली ते विचारलं. फोन ठेवला. मला पडलेलं मत एक होतं. ते तिचं असेल, तर माझ्या घरातलं कुठं गेलं, यासाठी काही बेरीज-वजाबाकी करायची गरज नव्हती.

मी माळ्यावर गेले. दार न वाजवता उघडलं, असं मी कधीच करत नसे. तो कॉलवर होता. त्याने मागे न बघता एक बोट वर केलं, एक मिनिट थांब म्हणून. मी उभी राहिले. त्याच्या पाठीकडे बघताना मला दिसलं, की याने ते रागाने किंवा कपटाने केलेलं नाही. कोणी कोणाला मत दिलं याची यादी कुठंतरी उमटत असेल, ती कोणी बघत असेल, असं त्याला वाटलं असणार. घाबरला असणार. ते मी समजू शकत होते, त्याने सांगितलं असतं तर आधीच समजून घेतलं असतं. मला लागलं ते दुसरंच. खाली येऊन, खुर्ची ओढून, न विचारता तो ते वाक्य बोलला होता, आणि मी त्या वाक्यासाठी शिरा केला होता. त्याचा कॉल संपत नव्हता. मी दार लावून घेतलं आणि खाली आले.

त्यानंतर विचारायचं राहूनच गेलं. सुरुवातीला रागाने विचारलं नाही, नंतर सवयीने. पुढे निर्बंध उठले, लोक पुन्हा घरी येऊ लागले. आमच्याकडे जेवण असलं की नवरा ती गोष्ट सांगतो. बायको कशी सगळ्या कंपनीविरुद्ध उभी राहिली, साहेबांनी कॉलनंतर कसं थांबवलं, अठ्ठावन्न विरुद्ध एक कसं झालं. आणि शेवटी छातीवर हात ठेवून, 'ते एक कोणाचं, विचारा.' तो इतकं रंगवून सांगतो की आता त्याचं त्यालाच ते खरं वाटत असावं. लोक हसतात, कोणी त्याच्या पाठीवर थाप मारतं. मी कोशिंबीर पुढे करते.

एकदा त्या पंगतीत आर्न्हेमचं जोडपंही होतं. माझा नवरा शेवटावर आला, छातीवर हात ठेवला, आणि तिचा घास हातातच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग ताटात मान घातली. तिचा नवरा शेजारीच बसून हसत होता. जेवणं झाल्यावर मी चहा टाकायला आत गेले, तशी ती मागोमाग आली आणि तिने दार लोटून घेतलं.

'ताई, तुम्ही त्यांना अजून सांगितलं नाहीत?'

'नाही.'

'माझ्यासाठी? मी सांगू नका म्हटलं म्हणून?'

मी म्हटलं, 'नाही गं. आत्ता निदान त्याला वाटतं तरी, की त्याने मला मत दिलं. सांगितलं, तर तेही जाईल.'

तिने फळीवरचे कप काढले, एकेक करून ट्रेमध्ये मांडले. चहा उकळेपर्यंत आम्ही दोघी शेगडीपाशी तशाच उभ्या होतो, आणि बाहेर तो कोणालातरी ती गोष्ट पहिल्यापासून सांगत होता.