लाडवाचा वास

बेसन भाजल्याचा वास आला की मला कोल्हापुरातली ती दिवाळीची सकाळ आठवते. आठवीतच शाळा सुटलेली, घर एसटीनं रात्रभराच्या वाटेवर, आणि मी तालमीत राहून कुस्ती शिकत होतो. चार दिवसांनी निवड चाचणी होती. वजन सत्तावन्न किलोच्या वर गेलं की मी बाहेर, आणि मग घरी परतून करायचं काय, या धास्तीनं मी थुंकीसुद्धा गिळत नव्हतो. त्यातच आईनं लाडवांचा डबा पाठवलेला. अंगाला उटण्याचा वास होता, ताक-तेल मुरलेली आखाड्याची लाल माती कोवळ्या उन्हात निजल्यासारखी दिसत होती, आणि मी कोपऱ्यात उघडा डबा नुसता नाकाशी धरून बसलो होतो. मागून वस्ताद आले. मी घाबरून झाकण लावायला लागलो. "लावतोस कशाला? वासानं वजन वाढत न्हाय. घे की पोटभर!" म्हणत ते शेजारी टेकले आणि डोळे मिटून त्यांनीही वास घेतला. "तुम्ही तरी खा की वस्ताद." "पोरं उपाशी आन् मी लाडू खाऊ व्हय रं?" चाचणीच्या दिवशी काटा सत्तावन्नच्या जरासा खाली थांबला. वस्तादांनी पिशवीतून तोच डबा काढला, पहिला लाडू माझ्या तोंडात कोंबला, आणि मगच त्यांची दिवाळी सुरू झाली. आता कोल्हापूरही लांब राहिलं. पण दिवाळीत पहिला लाडू मी अजून आधी हुंगतो, आणि बसताना शेजारी थोडी जागा सोडतो.