मसुराएवढी उघडी जागा

‘खडूसबाई’ हे नाव तिला कारखान्यात पहिल्याच वर्षी चिकटलं आणि तिनंही ते झटकायचा कधी प्रयत्न केला नाही. काम तपासणीचं. माणसाच्या गुडघ्यात बसवायचे धातूचे सांधे सोनेरी थर चढून भट्टीतून येत; ते भिंगाखाली फिरवून बघायचे, मग सही. ज्यांच्या अंगाला धातू सोसत नाही त्यांच्यासाठी तो थर. थरात फट राहिली की अंग आतून धुमसत राहतं. हे तिला कुणी शिकवायला नको होतं. साधा हुक टोचला तरी तिच्या पाठीवर गांधी उठायच्या. कानात काही नाही, मनगटावर घड्याळ नाही, कपड्यांना काचेची बटणं. “आमची आई म्हणजे नाजूक प्रकरण,” लेक चिडवायची. नाजूक म्हणे! तिच्यासमोर तोंड उघडताना मुकादम दहादा विचार करायचा.

त्या सोमवारी बारा सांधे आले आणि बाराही तिनं बाजूला सारले. भट्टीत सांधा हुकाला टांगतात. हुक टेकतो तिथं थर बसत नाही, म्हणून हाडात गडप होणाऱ्या दांड्याकडूनच टांगायचं, असा नियम. मुकादमाच्या माणसांनी घाईगडबडीत उलटे टांगले होते. प्रत्येक सांध्याच्या हाडाबाहेर राहणाऱ्या अंगाला मसुराएवढी करडी जागा राहिली होती.

“एवढ्याशानं कोण मरतंय?” मालक म्हणाले. “गाडी बुधवारी निघणार. सही कर.”

“नाही करत, जा!”

“मग त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसेल. निवृत्तीला अकरा महिने राहिलेत ना तुझ्या?”

ती घाबरली, खोटं कशाला बोला. पण डोकंही तेवढंच तापलं. सांध्यांसोबत त्याच धातूची एक चकती टांगतात, चाचणीसाठीच. तिच्यावरही हुकाची तशीच करडी जागा राहिलेली. तिनं ती सगळ्यांदेखत उचलली आणि स्वतःच्या दंडाला चिकटपट्टीनं बांधली. “बुधवारी बोलू,” म्हणाली.

मंगळवारी दंडाची आग आग झाली. “आई, काढ गं ते!” लेक रडकुंडीला आली. “अकरा महिने गप्प बस की!”

“गप्प बसायला मला घरबसल्याही जमतं. त्यासाठी कारखान्यात कशाला जाऊ?”

बुधवारी खोकी बंद होऊन दाराशी लागली होती. तिनं मालकांसमोर बाही वर केली, पट्टी ओढून काढली. सोनेरी भागाखालची कातडी स्वच्छ होती. हुकाच्या जागी मात्र लालभडक फोड टरारून आला होता.

मालकांनी नजर चुकवली. “तुझं काय, तुला कशानंही होतं.”

“अहो, कशानंही होणाऱ्यांसाठीच तर हे सांधे आहेत!” तिचा आवाज चढला. “मी चकती काढली, सुटले. त्यांनी गुडघा कसा काढून फेकायचा?”

मग मुकादमानंच खिशातली सुरी काढली आणि पहिल्या खोक्याची पट्टी टराटरा कापली. “चूक आमची आहे, साहेब,” तो म्हणाला. “थर उतरवून पुन्हा टांगतो.”

मालक तणतणत आत गेले. गाडी रिकामी गेली.