आधी पाणी, मग रक्त

आक्का पाण्याचा पेला हातात दिला की समोरून हलायची नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघत राहायची. घोट खाली उतरलेला दिसला, की मगच "बसा" म्हणायची. पुढे मी बऱ्याच परीक्षा दिल्या, पण गळ्याची परीक्षा घेणारी आक्का एकटीच.

भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका ठाकरवाडीची ती सुईण. वाडीत तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्याचं कारणही तीच सांगायची, "हितल्या निम्म्या लोकांना म्या उलटं धरून पाह्यलंय. माज्याम्होरं कोन डोळं वटारनार?" मिश्री लावलेले दात दाखवत ती हे इतक्यांदा सांगायची, की शेवटी वाडीतल्या लोकांनी उलटं धरलं गेल्याचा अभिमान बाळगायला सुरुवात केली होती.

मी तेव्हा विद्यापीठाच्या एका संशोधन प्रकल्पात नवीनच लागले होते. आदिवासी बायकांच्या अंगात रक्त किती कमी आहे हे तपासायचं होतं. प्रकल्पाच्या नावातच 'समाजाच्या भागीदारीतून' असे शब्द होते. भागीदारी अशी, की रक्त समाजाचं आणि बाकी सगळं आमचं. पहिल्या दिवशी आम्ही जीपने वाडीवर गेलो तेव्हा मागच्या सीटवर सुयांचा डबा होता आणि त्याच्या शेजारी बाटलीबंद पाण्याचा आख्खा खोका.

आक्काच्या पडवीत वीसेक बाया येऊन बसल्या होत्या. आक्का पेले घेऊन आली आणि म्हणाली, "आधी पानी, मग रगत." आमच्या प्रकल्पाच्या सरांनी पेला ओठांना लावला, डोंगराची तारीफ केली आणि आक्काची पाठ वळताच पाणी अलगद भिंतीच्या कडेला सोडून दिलं. मी पेला तसाच मांडीवर धरून बसले. माझी बाटली पर्समधून डोकावत होती.

आक्काने मागे न वळताच विचारलं, "सायेब, भिंतीला तान लागली हुती व्हय?"

बायांनी पदर तोंडाला लावले. सरांनी मग जंतूंवर छान माहिती दिली. आक्काने ती अगदी मन लावून ऐकली. "बरं, उकळून देते," म्हणाली आणि आमच्यासमोर चूल पेटवली. पाणी खळखळा उकळलं, दोन भांड्यांत वरखाली करून निववलं आणि पुन्हा पेल्यांत ओतलं. सरांनी घड्याळ पाहिलं. आता त्यांना तहानच नव्हती.

"मघाशी खालच्या गावात पाटलाकडं माठातलं दोन पेलं पेलात ना?" आक्का म्हणाली. जीपच्या आधी बातमी डोंगर चढून आली होती. "त्ये पानी आमच्याच झऱ्याचं हाय. हितनं नळानं खाली जातंय. खाली गेल्यावर जंतू मरत्यात व्हय?"

त्या दिवशी कुणीही रक्त दिलं नाही. परतताना सरांनी जीपमध्ये नोंद सांगितली, 'समुदायाकडून असहकार. कारण, अज्ञान व अंधश्रद्धा.' मी ती लिहून घेतली. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून सर माझ्याकडूनच लिहून घेत.

भिंगारला घरी आल्यावर मी भिंतीच्या तहानेचा किस्सा रंगवून सांगितला. वडील हसले नाहीत. निवृत्त मास्तर ते, रागवायला त्यांना एवढंच पुरे होतं. माझे पणजोबा ख्रिस्ती झाले त्याच्या आधी कर्जतकडच्या गावात त्यांना ओंजळीत वरून पाणी ओतत, भांडं हाताला लागू नये म्हणून. ही गोष्ट आमच्याकडे दर नाताळाला निघते. मी ती ऐकत, करंज्या खात लहानाची मोठी झाले होते. आणि बाटली घेऊन वाडीवर गेले होते. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच एसटीने गेले. बाटली नेली नाही. दोन पेले पाणी प्यायले आणि आक्काला पणजोबांची गोष्ट सांगितली. ती विरघळेल अशी माझी अपेक्षा होती.

"मंग तुला तर पयलं कळाय पायजे हुतं," ती म्हणाली आणि तिसरा पेला पुढे केला.

तो संपल्यावर मात्र ती बोलली. दोन वर्षांपूर्वी अशीच एक टोळी कुठूनशी आली होती आणि सगळ्यांचं रक्त घेऊन गेली. आक्काची सून सखू तेव्हा पोटुशी होती. तिनेही दिलं. कागद काही आला नाही, माणसंही आली नाहीत. सखू बाळंतपणात गेली, आक्काच्याच हातांत.

"तिचं रगत शेरात कुटंतरी बाटलीत आसंल," आक्का म्हणाली. "कमी हाय, ह्ये त्या बाटलीला ठावं हुतं. मला न्हवतं."

तिच्या अटी दोनच होत्या. आठ दिवसांत प्रत्येकीचा कागद प्रत्येकीच्या हातात. आणि आमच्याबद्दल जे लिहाल ते आधी इथं वाचून दाखवा.

सर वाईट नव्हते. समतेवर ते दरवर्षी व्याख्यान देत आणि त्यात एकदा त्यांचा गळाही दाटून येई. नमुने मिळाले नाहीत तर प्रकल्प बुडणार हे दिसल्यावर त्यांनी अटी मान्य केल्या. दुसऱ्या खेपेला त्यांनी पेला रिकामा केला. आक्काने गळा नीट पाहिला आणि म्हणाली, "बसा."

रक्त मिळालं. पण प्रयोगशाळेचा निरोप आला, की निकाल तीन महिन्यांनी एकत्रित देऊ. मी तिथे जाऊन ठाण मांडलं, एकेक आकडा हाताने चिठ्ठीवर उतरवला आणि सातव्या दिवशी प्रकल्पाच्या जीपने वाडी गाठली. एक चिठ्ठी आक्काच्या शेजारच्या कमळची होती. उतरवायच्या घाईत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. सातवा महिना, आणि आकडा असा, की मी तो पुन्हा वाचला. आक्काला अक्षर येत नव्हतं. ती माझा चेहरा वाचत होती. "चल," एवढंच म्हणाली. तासाभरात आम्ही कमळला जीपमध्ये घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिला रक्त चढवलं. पुढे दिवस भरल्यावर मुलगी झाली, दोघी सुखरूप.

मुलगी पाहून येताना आक्का म्हणाली, "ह्यो कागूद तवा आला आस्ता..." त्या वाक्याचं उरलेलं अर्धं मला आजही ऐकू येतं.

अहवाल मी पडवीत वाचून दाखवला. अज्ञान आणि असहकाराशी आल्यावर आक्काने मला थांबवलं. "आमी न्हाई म्हनालो का? पानी प्या म्हनालो. तुमी प्याला न्हाई, ह्ये कुटं लिव्हलंय?" मी ते वाक्य खोडलं. सरांनी छापताना त्यातलं अर्धं परत घातलं. शेवटी स्थानिक समुदायाचे आभार होते, आक्काचं नाव नव्हतं. आता विद्यापीठात याचं प्रशिक्षण असतं, पाणी स्वीकारून विश्वास कसा मिळवावा. प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येकासमोर एक बाटलीबंद पाणी ठेवलेलं असतं.

प्रकल्प संपला तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. आक्का नाचणी पाखडत होती. मी पाण्याची वाट पाहत बसले, ती काही उठेना.

"तान लागली आसंल तर घे की तुज्या हातानं," सुपावरची नजर न काढता ती म्हणाली. "माट आत हाय."

मी आत गेले, झाकण काढलं आणि तांब्या बुडवला. पणजोबांची फार आठवण झाली. बाहेर आले तर आक्का माझ्या गळ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

मागच्या वर्षी ती गेली. मला उशिरा कळलं. आक्काच्या पडवीत गेले तेव्हा बरोबर माझी एक विद्यार्थिनी होती, बॅगेत बाटली असलेली. कमळ आतून एक पेला घेऊन आली, तिच्या हातात दिला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून तिच्या गळ्याकडे बघत उभी राहिली. पोरीने माझ्याकडे पाहिलं. ती प्यायली.

"बसा," कमळ तिला म्हणाली.

मला कुणी पाणी विचारलं नाही. मी उठले आणि आत गेले. माठ होता तिथंच होता.