खोताची सोय

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांइतका हट्टी, खवचट आणि स्वतःच्या मूर्खपणावर जिवापाड प्रेम करणारा माणूस अख्ख्या काळाचौकीत झाला नाही, आणि सगळ्या चाळींचे टॉवर झाले तरी होणार नाही. शिवडीच्या एका गोदामात आयुष्य घालवलेल्या मामांनी, घरात आपलं ऐकणारं कोणी मिळणार नाही म्हणून लग्न केलं नाही. आणि पाळला कोण, तर कोणाचंच न ऐकणारा एक बोका. अर्ध्या कानाचा, तिरक्या नजरेचा. नाव खोत. खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर खोत बसे आणि जमिनीवर मामा. खोताला सकाळी मांदेली, रविवारी सुरमई आणि सोमवारी उपास, म्हणजे दूधभात. सोमवारी हा उपासकरी शेजारच्या घरात चोरून बांगडा खातो, हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बांगडोच तेच्या अंगार पडलो असतलो."

पुढे मामांच्या छातीत एकदा दुखलं आणि त्यांना घोर लागला, आपल्यामागे खोताचं काय? अशा वेळी लोकांना देव आठवतो, यांना बोका आठवला. मग वारसांच्या परीक्षा सुरू झाल्या. नातेवाइकाला जेवायला बोलवायचं, माशाची चांगली मधली तुकडी वाढायची आणि खोताला समोर बसवायचं. जो आपणहून घास देईल तो पास. मामांचा भाचा, म्हणजे माझा मेव्हणा, पहिल्याच घासाला नापास. मी तर त्या लबाडाला पायाने बाजूला सारलं आणि काटेसुद्धा चोखून खाल्ले. मामा म्हणाले, "जावयबापू, तुम्ही नापास. पण तो मेलो तुमच्याच पायांकडे कित्याक बसता, ता माका कळणा नाय."

शेवटी ते मला घेऊन परळच्या एका वकिलाकडे गेले. इच्छापत्र करायचं आणि खोली खोताच्या नावावर ठेवायची! वकील बिचारा समजावत होता, "आजोबा, कायद्याने जनावर मालक होऊ शकत नाही. खोली एखाद्या माणसाला द्या आणि बोक्याला सांभाळायची अट घाला."

"माणसाचो भरवसो असतो तर तुझ्याकडे कित्याक इलो असतंय?" म्हणत मामा उठले. जिन्यात मला म्हणाले, "कायदो गेलो खड्ड्यात. दहाव्याक माझ्या पिंडाक कावळो शिवाचो नाय. खोताक सांभाळतंय, असा कोणीतरी तोंडान बोलाक व्हया." मेल्यावरही लोकांना वेठीला धरायची ही तयारी बघून मला हसावं की चिडावं कळेना. इच्छापत्र राहिलं ते राहिलंच.

मामा गेले. दहाव्याला बाणगंगेला जाताना मेव्हण्याने वाटेतच सांगून टाकलं, "भावजी, मामांचं सगळं करतो मी, पण ते मांजर नको हां. मिसेसला चालत नाही." पुढचं मला दिसतच होतं. कावळा ताटकळत ठेवणार, एकेक जण भलतीसलती वचनं देणार आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघणार. मी मनातल्या मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं आणि मामांवर दात-ओठ खात उभा होतो. भटजी बाजूला होतात न होतात तोच कावळा उतरला, पिंडात चोच मारली आणि भात घेऊन उडालाही. कोणाला काहीच बोलावं लागलं नाही.

"सुटले मामा," मेव्हणा म्हणाला आणि चपला शोधू लागला. मी हात जोडून तसाच उभा. ज्या माणसाने आयुष्यभर कोणावर काडीचा भरवसा ठेवला नाही, तो माझ्याकडून साधा शब्दही न घेता निघून गेला होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि डोळे भरून आले. तिथून मी थेट काळाचौकीला गेलो. खोत बंद खोलीच्या दाराशी बसला होता.

आता दादरच्या माझ्या घरातली चांगली खुर्ची त्याची आणि जमिनीवर मी. सोमवारी त्याच्यापुढे दूधभात ठेवतो. तो हुंगतही नाही, नुसता तिरकं बघत बसतो. मग बायकोची नजर चुकवून मी त्याला बांगडा घालतो. यावर मामा काहीतरी खवचट बोलले असते. ते ऐकायला मिळत नाही, एवढंच.