कॅम्प पाचचे हीटरकाका

भर मे महिन्यात, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये, हीटरकाका पेटलेल्या हीटरसमोर निवांत बसलेले असत. मूळचे चामटोली गावचे. लष्करात गाड्यांचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर जुन्या लष्करी ट्रकांच्या केबिनमधले, डिझेलवर जळणारे हीटर दुरुस्त करू लागले. असे ट्रक हौसेने सांभाळणारे लोक लांबून त्यांना शोधत येत. शेजारचा सिंधी दुकानदार चिडवायचा, "साईं, इधर हीटर का क्या काम?" काका म्हणत, "बर्फ इथं येत नाय, पण गाडी तिथं जाते ना!"

माझ्या नवऱ्याने लिलावात असाच एक ट्रक घेतला होता. अंबरनाथच्या आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघांनी तो दुरुस्त केला. हिवाळ्यात हिमाचलात न्यायचं ठरलं, तेव्हा हीटर काकांकडे दिला. निघायच्या दोन दिवस आधी आणायला गेले. हवा छान गरम येत होती. काकांनी मात्र ज्यात डिझेल जळतं ती आतली नळी काढली, हवा भरून पाण्याच्या टबात बुडवली. बारीक बुडबुडे आले. केसाएवढी चीर होती; तिच्यातून जळणाचा धूर केबिनमध्ये शिरला असता.

"हा मी देणार नाय."

"काका, परवा निघायचंय!"

"मग गोधड्या घेऊन जा."

माझा तोल गेला. "काम जमत नाही म्हणून सांगा सरळ!"

काका रागावले नाहीत. "बाय, थंडीनं माणूस ओरडतो. धुरानं ओरडत नाय, नुसता झोपतो." मग खाली बघत म्हणाले, "लडाखात माझा जोडीदार असाच झोपला, तो उठलाच नाय. त्या गाडीचा हीटर मीच बसवलेला. गाड्यांचा तांडा निघायची घाई होती, तपासला नाय."

आमचं निघणं आठवडाभर लांबलं. काकांनी नवी नळी घडवली, तीनदा पाण्यात बुडवून दाखवली. "तरीपण काच दोन बोटं उघडी ठेवायची," असं माझ्याकडून वदवूनही घेतलं.

हिमाचलातल्या एका घाटात बर्फ कोसळून रस्ता बंद झाला. अख्खा दिवस आम्ही केबिनमध्ये अडकलो. हीटर चालू, काच दोन बोटं उघडी. मागच्या जीपमधल्या म्हाताऱ्या जोडप्यालाही आत घेतलं. चौघेही धडधाकट बाहेर आलो.

परत आल्यावर पेढे घेऊन शेडमध्ये गेले. काकांनी ट्रकचं काहीच विचारलं नाही.

"धुरानं डोकं दुखलं काय कोणाचं?"

"नाही काका. कोणाचंच नाही."

ते डब्यावर बसले. बराच वेळ पंच्याने तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "दत्ताराम नाव होतं त्याचं. लय हसवायचा."

त्यानंतर मी गेले, की दत्तारामचा एखादा किस्सा ठरलेला. सांगताना काका स्वतःच पोट धरून हसत. मागच्या पावसाळ्यात ते गेले. त्या दिवशी ते माझ्या घाईपुढे नमले असते, तर हे लिहायला मी उरले नसते.