झेनेशच्या कपाटावरचा अर्धा नान

झेनेश रागीट होती, हे काराओयमधलं शेंबडं पोरही सांगेल. पण तो राग बाराही महिने सारखा नसे. उन्हाळ्यात चहावरची साय पातळ निघाली तर ती मेलेल्या नवऱ्याच्या फोटोला दोन शब्द सुनावी, इतकंच. थंडीत मात्र पश्चिमेचं आभाळ कळकट झालं आणि घोडे वाऱ्याकडे पाठ करून एका जागी गप्प उभे राहिले, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

कारण रस्त्याचं फाटक तिच्या खानावळीच्या अगदी दारात होतं. तिथून पुढे शहरापर्यंत एकशेऐंशी किलोमीटर नुसतं माळरान, ना घर, ना झाड. बुरान, म्हणजे बर्फाचं वादळ, सुटला की फाटक पाडायचं आणि कुणी अडकलं तर बर्फ हटवायचं यंत्र घेऊन त्याला शोधायला जायचं, ही दोन्ही कामं तिच्या मुलाकडे, मेरगेनकडे. त्याच्याआधी ती त्याच्या बापाकडे होती. ओरिनबेककडे.

एकोणीस वर्षांपूर्वी असंच आभाळ होतं. फाटक पडलेलं होतं, पण वरून फोन आला, ‘आपली माणसं आहेत, सोड,’ आणि ओरिनबेकने गाडी सोडली. दोन तासांनी पुन्हा फोन, ती गाडी पोचलेली नाही, जा शोधायला. झेनेशने नान पुढे केला. लांब निघालेल्या माणसाने एक घास तोडायचा, उरलेला नान घरी त्याची वाट बघतो, त्याला ओढून आणतो, असं सगळेच मानतात. ओरिनबेकने घास तोडला आणि गेला. यंत्र दुसऱ्या दिवशी सापडलं. तो सापडला बर्फ वितळल्यावर, यंत्रापासून चाळीस पावलांवर.

आणि ते गाडीतले? ते मधूनच वळून रस्त्यापासून दूर आतल्या एका वाडीत मावशीकडे चहा पीत बसले होते. कळवायची बुद्धी एकालाही झाली नव्हती.

यंदाच्या जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी, फाटकाशी एक गाडी येऊन थांबली. आठ माणसं, शनिवारी संध्याकाळी शहरात लग्न, नवरीही बरोबर. मेरगेनने नुकतंच फाटक पाडलेलं. मंडळी चहाला आत आली. कप भरतायत तोच मेरगेनचा फोन वाजला. तो बराच वेळ ‘हो साहेब, हो साहेब’ म्हणत राहिला आणि मग आईकडे न बघता म्हणाला, “सोडायला सांगतायत. बुरान संध्याकाळी येणार आहे म्हणे.”

“त्यांनी बुरानला विचारलं वाटतं,” झेनेश म्हणाली.

गाडी चालवणारा झासुलान हसला. “आपा, हवामानवाले रोजच बोंबलतात. अडीच तासांत पोचतो. चाकं नवीकोरी आहेत.”

“चाकं नवी आहेत! आणि डोकं कुठल्या साली घेतलंस? बुरानात तुझ्या गाडीचं नाक तुला दिसायचं नाही. मग थांबशील, इंजिन चालू ठेवून शेकत बसशील. बर्फ धुराची नळी बुजवेल, धूर आत येईल. छान झोप लागेल सगळ्यांना. नवरीलासुद्धा.”

“अगं बाई, शुभकार्याला निघालोय, अभद्र काय बोलता!” नवरीची काकू म्हणाली.

“माझं बोलणं अभद्र? आणि तुमचं निघणं?”

मंडळींमधला म्हातारा कब्देन समजुतीने म्हणाला, “पोरी, रागावू नको. नान मांड. घासभर चाखतो आणि निघतो.”

घरात आलेल्याने त्या घरचा नान चाखल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. लग्नाला निघालेल्याने तर नाहीच. झेनेशने टेबलावरचं नानचं ताट उचललं, कोपऱ्यातल्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि पेटीवर बसली. बसली ती चांगली ऐसपैस.

“नान नाही.”

“अहो, वास येतोय की!” झासुलान ओरडला.

“मग वासावर जा.”

“चला आजोबा, गाडीत घरचा नान आहे.”

कब्देन हलला नाही. “ज्या घरात शिरलो तिथलाच चाखायचा. हा अपशकुन मी नवरीच्या डोक्यावर येऊ देणार नाही.” मग झेनेशकडे वळून तो कडक आवाजात म्हणाला, “पण पाहुण्याला नान नाकारणारी बाई मी अठ्ठ्याहत्तर वर्षांत पाहिली नाही. लाज वाटत नाही?”

वाटत होती. कान तापले होते तिचे. ही गोष्ट आता गावोगाव जाणार, हेही ती जाणून होती. ती नुसती बोट वर करून म्हणाली, “काका, कपाटावरचं गाठोडं काढा. सोडा.”

कब्देनने गाठ सोडली. आत दगडासारखा राखाडी झालेला अर्धा नान, कडेला दातांची खूण. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

“तुमच्यासारखेच होते ते. वरून फोन आलेले,” झेनेश म्हणाली. आवाज चढला होता, तो खाली येत नव्हता. “तुम्ही अडकलात की तुम्हाला शोधायला कोण जाणार? साहेब? तो दारात उभा आहे ना, तो जाणार. माझा. त्याच्यापुढे मी नान धरणार नाही. एकदा धरलाय. काय ओढून आणलं त्याने? घाला मला शिव्या, बसा उपाशी, पण इथेच बसा!”

कब्देनने गाठोडं पुन्हा नीट बांधलं. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. “झासुलान, गाडी आडोशाला लाव.”

बुरान संध्याकाळपर्यंत थांबला नाही. दुपारीच आला. खिडकीतून सहा पावलांवरचं फाटक दिसेनासं झालं. फोन पुन्हा वाजला. “गेली का ती मंडळी?” मेरगेन तोंड उघडतोय तोवर आईने फोन हिसकावला. “माझ्या चुलीपाशी बसून माझं मांस संपवतायत. आता पुन्हा काही सांगायचं असेल तर स्वतः येऊन सांगा. चालत.”

दोन दिवस वारा घराला धडका देत होता आणि झेनेश पाहुण्यांना मांसाचा रस्सा वाढता वाढता शिव्या घालत होती. शनिवारी सकाळी आभाळ लख्ख झालं. मेरगेन यंत्र घेऊन पुढचा रस्ता मोकळा करून आला. तेव्हा कुठे तिने ताजे भाजलेले नान मांडले. सगळ्यांनी घास घास चाखला. झासुलानने एक आख्खा नान उचलला, मोठा घास तोडला आणि उरलेला दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

“आपा, हा ठेव. परतताना येऊन संपवीन.”

बिचारा मनापासून बोलला होता. झेनेश कडाडली. “सगळा खा! इथे, माझ्यासमोर उभा राहून खा. अर्धा नान या घरात एक आहे तेवढा पुरे!”

बाहेर मंडळी गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. झासुलान दोन्ही गाल फुगवून चावत होता, डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. शेवटचा तुकडा तोंडात जाईपर्यंत झेनेश दार अडवून उभी राहिली आणि मग तिने चहाचा कप त्याच्या हातात कोंबला.

“घे, घोट घे. घशात अडकला तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फोडाल.”