लिलाव संपल्यावरचा फोन

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो. जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका जमवायचा तिला नाद होता. थिएटरच्या दारात मिळायच्या त्या, पातळ कागदाच्या, रंगीत मुखपृष्ठाच्या. भांडी घासताना ती पुस्तिका खिडकीत टेकवून ठेवायची आणि बघून बघून गायची. तिच्या लग्नानंतर आम्ही घर बदललं, त्यात त्या सगळ्या रद्दीत गेल्या. पुढे अक्काही गेली.

निवृत्तीनंतर मी कोल्हापूरला लागून असलेल्या कळंब्याला लहानसा फ्लॅट घेतला. एकटीच असते, म्हणून मोबाइलवर जुन्या वस्तूंचे लिलाव बघत बसायची सवय लागली. तिथं एकदा तशी पुस्तिका दिसली. मी बोली लावली आणि ती मला मिळाली.

तेव्हा त्या ॲपची रीत साधी होती. लिलाव संपला की विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांचे नंबर मिळायचे. पैसे कसे द्यायचे, वस्तू कशी पोचवायची, हे दोघांनी फोनवर बोलून ठरवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"पावणं, मुरगूडवरनं बोलतोय. पुस्तक तुमी घेतलंय न्हवं?"

माझा आवाज ऐकून ते जरा गोंधळले. बायका असल्या नादात नसतात असं त्यांना वाटलं होतं. हे कशाला पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी अक्काबद्दल सांगितलं. तर पलीकडून एकदम गाणंच सुरू झालं. पुस्तिकेतलं पहिलं गाणं. सूर कुठच्या कुठे, पण शब्द एकही चुकला नाही. मागं म्हैस ओरडत होती.

त्यांच्या वडिलांचा तंबूतला सिनेमा होता. जत्रा असेल तिथं तंबू ठोकायचा. हे लहानपणी दारात बसून पुस्तिका विकायचे. न खपलेल्या पुस्तिका एका ट्रंकेत राहिल्या होत्या. आता ते शेती आणि म्हशी बघत होते, आणि त्यांची सून एकेका पुस्तिकेचा फोटो काढून लिलावाला लावत होती. पुस्तिका वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून ते कोल्हापूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. मी स्टँडवर जाऊन घ्यायची.

मग हे असंच चालू झालं. लिलाव संपला की सकाळी फोन. आधी एक गाणं, मग त्या सिनेमाची हकिकत. एका जत्रेत वाऱ्यानं पडदा फाटला आणि नायकाचं अर्धं तोंड फडफडत राहिलं, तरी माणसं उठायला तयार नव्हती, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं, की मीच तिथं बसले होते असं वाटायला लागलं. कधीतरी ते मला अक्का म्हणू लागले. त्यांच्याकडे, कर्नाटकच्या सीमेकडच्या भागात, बाईमाणसाला तशी हाक मारतात. मी घरात सगळ्यांत धाकटी. ती हाक मला कुणी मारली नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला पुढचं काही ऐकूच आलं नाही.

मग ॲपमध्ये पैसे भरायची नवी पद्धत आली. बोली जिंकली की तिथल्या तिथं पान उघडायचं. पत्ता आधीच भरलेला. पैसे तिथंच भरायचे, नाहीतर वस्तू पुढच्याला जायची. कुरिअरवाला विकणाऱ्याच्या दारातून पार्सल उचलायचा आणि माझ्या दारात आणून द्यायचा. नंबर आता कुणालाच दिसत नव्हते. पुस्तिका येत राहिल्या, प्लास्टिकच्या पाकिटात, छापील पत्ता चिकटवलेल्या. फोन बंद झाला.

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. पण फोन करून म्हणायचं काय? आधी कामाचं निमित्त असायचं. आता काहीच काम उरलं नव्हतं. तरी एकदा केला. त्यांनी चौकशी केली आणि मोकळेपणानं सांगितलं, की नवीन पद्धतीनं त्यांचा त्रास वाचला. आधी काहीजण बोली लावून फोनच उचलायचे नाहीत. एकानं पुस्तक घेऊन कोल्हापूरला बोलावलं आणि स्वतः आलाच नाही.

"आता लई बरं झालंया, अक्का. तुमचा बी येळ जाईत न्हाय."

माझा वेळ जायलाच हवा होता, हे मला सांगता आलं नाही.

नंतर त्यांच्याच लिलावात अक्काची सगळ्यांत आवडती पुस्तिका आली. निळ्या मुखपृष्ठाची. मी ती सोडली नाही. पार्सल आलं, पण मला ते एकटीनं उघडवेना. तसंच पिशवीत घातलं आणि मुरगूडची एसटी पकडली. गावात तंबूतल्या सिनेमावाल्यांचं घर विचारलं, तर एका दुकानदारानं दारापर्यंत आणून सोडलं.

ते वैरण टाकत होते. फोनवरच्या आवाजावरून मी धिप्पाड माणूस मनात धरला होता, हे तर किरकोळ, टोपी डोळ्यांवर आलेले. मी कोण ते सांगितल्यावर हात धोतराला पुसले आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. कुरिअरनं पाठवलेलं पार्सल मी परत घेऊन आले, म्हटल्यावर सून घाबरली. काही खराब निघालं का म्हणून विचारू लागली. मी म्हटलं, अजून फोडलंच नाही. यांनी फोडावं आणि गाणं म्हणावं, एवढ्यासाठी आले.

त्यांनी पाकीट फाडलं, पुस्तिका लांब धरून वाचली आणि मान हलवली.

"ह्यो शिनेमा आमच्या तंबूत आलाच न्हाय की. बानं गठ्ठ्यात घेतलं आसंल. ह्यातलं मला एक बी येत न्हाय."

सुनेनं चहा आणून ठेवला. मग मीच सुरुवात केली. मी कधी कुणासमोर गायले नव्हते. घरात गाणं म्हणजे अक्का, मी नुसती ऐकणारी. पहिल्या कडव्यात आवाज दोनदा अडला. ते बोट फिरवत पुस्तिकेतले शब्द बघत होते.

"तुमची भन आसंच म्हणायची व्हय?"

"नाही. ती फार छान म्हणायची."

"म्हणा की पुढचं," ते म्हणाले. मी पुढचं म्हटलं.

निघताना त्यांनी ट्रंक दाखवली. तळाशी थोड्याच पुस्तिका उरल्या होत्या. त्या तशाच मला देता का, असं विचारायचं ओठांवर आलं होतं, पण बाकीची माणसंही वाट बघत बोली लावत असतील, असं त्यांनीच आधी म्हटलं. ते स्टँडपर्यंत आले, एसटी हलेपर्यंत उभे राहिले.

त्यानंतरही लिलाव होतात. कधी मी जिंकते, कधी दुसरं कुणी. पैसे भरले की हिरवी खूण येते आणि आभार मानणारा मजकूर येतो. मी फोन हातात धरून थोडा वेळ बसते, मग उठून स्वयंपाकाला लागते.